डॉक्टरांपुढे खरा आकडा जाण्यासाठी: ओपीडीत बीपी, नाडी, श्वास, ताप, शुगर मोजण्याचा क्रम

मिरजेतल्या कुठल्याही ओपीडीत सकाळी अकराच्या गर्दीत हे दिसतं. जतहून नाहीतर अथणीहून एसटीनं आलेला पेशंट जिना चढून येतो, केसपेपर काढतो आणि बाकावर टेकतो न टेकतो तोच त्याच्या दंडाला कफ, म्हणजे बीपी मशीनचा फुगणारा पट्टा, गुंडाळला जातो. बाही वर कोंबलेली, हात लोंबता. सोबतचा मुलगा "डॉक्टर किती वाजता येणार" म्हणून विचारतोय आणि पेशंट त्याला समजावतोय. मशीनवर १५८/९६ येतं, कागदावर १६०/१०० जातं, आत गोळी वाढते. पुढच्या आठवड्यात तोच माणूस उसाच्या सरीत चक्कर येऊन बसतो.

अशा वेळी मशीनला दोष दिला जातो. बहुतेकदा मशीन ठीकच असतं. कुठलं काम आधी आणि कुठलं नंतर, इथं गडबड झालेली असते. ओपीडीत काम करणारे सहायक, नव्यानं लागलेल्या मुली, कंपाउंडर, वॉर्ड बॉय यांच्यासाठी तो क्रम खाली दिला आहे. एका पेशंटला आठ-दहा मिनिटं लागतात. तीन-चार पेशंट एकाच वेळी वेगवेगळ्या टप्प्यावर ठेवले तर रांग थांबत नाही.

कामाची हद्द आधीच स्पष्ट असू द्या. मोजणं, लिहिणं, पेशंटला सांभाळून बसवणं आणि वेळेत डॉक्टरांना सांगणं हे तुमचं काम. इंजेक्शन, सलाईन, औषध देणं किंवा बदलणं हे डॉक्टरांचं आणि नोंदणी झालेल्या नर्सचं. "तुम्हीच द्या की एक सुई" असं गावाकडची ओळखीची माणसं हक्कानं म्हणतात. नाही म्हणायला शिका.

## टप्पा १: पहिला पेशंट यायच्या आधी

ओपीडी उघडण्याआधी पंधरा मिनिटं हाताशी ठेवा.

बीपीच्या घड्याळी मशीनचा काटा हवा नसताना शून्यावर आहे का बघा. शून्याच्या वर-खाली अडकलेला काटा "तेवढे वजा करू" म्हणून वापरायचा नाही, मशीन बाजूला काढायचं. कफ, नळी आणि फुगा कुठं गळतो का तेही बघा. कफात हवा भरून झडप बंद ठेवली आणि काटा आपोआप खाली सरकू लागला, तर गळती आहे. घड्याळी मशीन दर सहा महिन्यांनी तपासून आणायला हवं. तपासल्याची तारीख चिकटपट्टीवर लिहून मशीनलाच लावा.

कफ किमान दोन मापांचे हवेत. दंडाचा घेर २७ ते ३४ सेंटिमीटर असेल तर नेहमीचा मोठ्या माणसाचा कफ, ३५ ते ४४ असेल तर मोठा. कफातली फुगणारी पिशवी दंडाच्या घेराच्या ८० टक्के तरी भरली पाहिजे. तालमीत कमावलेल्या दंडाला नेहमीचा कफ लावला की बीपी उगाच जास्त दिसतं. आमच्याकडं पैलवान कमी नाहीत, तेव्हा मोठा कफ कपाटात कुलूपबंद ठेवू नका. शिंप्याची टेप मशीनशेजारी टांगून ठेवा.

ग्लुकोमीटरच्या, म्हणजे शुगर मोजायच्या मशीनच्या, पट्ट्यांच्या डबीवरची मुदत बघा आणि डबी उघडली त्या दिवसाची तारीख तिच्यावर लिहा. पट्टी काढली की झाकण लगेच बंद. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत उघडी राहिलेली डबी खराब होते, आणि ते बाहेरून कळत नाही.

हात धुवायची जागा, साबण, हात चोळायचं सॅनिटायझर, कापूस, ग्लोव्हज, कचऱ्याचे डबे, सुया टाकायचा न टोचणारा डबा आणि सेकंदकाटा असलेलं घड्याळ हे सगळं हाताच्या अंतरावर असू द्या. मोबाईलच्या घड्याळावर नाडी मोजू नका. मध्येच फोन वाजतो आणि मोजणी तिथंच संपते.

तपासणी: रोज सकाळी स्वतःचं किंवा सहकाऱ्याचं बीपी घ्या. नेहमीपेक्षा फारच वेगळं आलं तर आधी मशीनवर शंका घ्या.

## टप्पा २: रांगेत कुणाला बसवायचं नाही

मशीनला हात लावण्याआधी बाकावरच्या माणसांकडं एकदा नीट बघा. काहींची रांग मोडायची असते, आणि ते तुमच्याआधी कुणालाच दिसत नाही.

छातीत दुखतंय, छाती भरून आलीय, घाम सुटलाय, दुखणं जबड्याकडं किंवा डाव्या हाताकडं सरकतंय असं कुणी सांगितलं तर नंबर विसरा. अशा पेशंटचा ईसीजी १० मिनिटांच्या आत निघायला हवा. बाया आणि शुगरचे पेशंट पुष्कळदा "छातीत दुखतंय" म्हणतच नाहीत. ते "गॅस झालाय", "दम लागतोय", "कसंतरीच होतंय" एवढंच सांगतात. पन्नाशीपुढच्या माणसाचा घामासकटचा गॅस आधी आत न्यायचा.

तोंड एका बाजूला वाकलंय, एक हात उचलत नाही, बोलणं अडखळतंय: हे कधी सुरू झालं ती वेळ विचारून लिहा आणि लगेच डॉक्टरांना सांगा. पेशंट शेवटचा धडधाकट कधी दिसला होता, याच वेळेवर पुढचे उपचार ठरतात. "सकाळी उठला तेव्हापासून" असं उत्तर आलं तर रात्री झोपताना बरा होता का, किती वाजता झोपला, हेही विचारा.

तासगाव-पलूस भागात छाटणीनंतर द्राक्षबागांत फवारणी चालू असते. फवारणी करून आलेला माणूस उलट्या, लाळ, घाम, धूसर दिसणं, बारीक झालेल्या बाहुल्या घेऊन आला तर ते साधं पित्त नव्हे. ग्लोव्हज घालूनच हात लावा. त्याचे कपडे काढून पिशवीत बांधून ठेवा, अंग साबण-पाण्यानं धुवायची सोय करा आणि नातेवाइकांना औषधाची बाटली किंवा तिचं लेबल आणायला पाठवा. हे सगळं डॉक्टरांना हाक मारत मारत करायचं, आधी किंवा नंतर नव्हे.

उसाच्या फडातून साप चावलेला आला तर त्याला चालवू नका. अंगठी, बांगड्या, जोडवी, पैंजण सूज यायच्या आत काढा. आवळून बांधू नका, चिरा देऊ नका. प्रतिविषाची लस नसलेल्या दवाखान्यात वेळ घालवण्यात अर्थ नाही. १०८ ला फोन करा आणि डॉक्टर सांगतील तिथं पाठवा.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ किंवा जास्त ताप, दूध न पिणारं किंवा मलूल पडलेलं बाळ, झटका येऊन गेलेलं मूल, डोकेदुखी आणि डोळ्यांपुढं अंधारी घेऊन आलेली गरोदर बाई, दम लागून वाक्य पूर्ण न करू शकणारा पेशंट, हे सगळे थेट आत.

## टप्पा ३: नाव विचारायची पद्धत

"तुम्हीच पाटील ना?" असं विचारलं की कमी ऐकू येणारे आजोबाही "व्हय" म्हणतात. बाकावर चार पाटील बसलेले असतात. त्यातले दोघे एकाच गावचे आणि एक तर नावानंही सारखा.

म्हणून नाव पेशंटच्या तोंडूनच येऊ द्या: "आबा, तुमचं पूर्ण नाव सांगा. गाव कोणतं? वय किती?" नाव आणि आणखी एक खूण, वय किंवा केसपेपर नंबर, जुळल्याशिवाय कागदावर पेन टेकवू नका. मिरजेला सीमेपलीकडचे बरेच पेशंट येतात. समोरचा माणूस कन्नडच बोलत असेल तर हातवाऱ्यांवर काम भागवू नका, कन्नड येणाऱ्या कुणाला तरी बोलवा.

मग हात. पेशंटला शिवण्याआधी आणि शिवून झाल्यावर, दोन्ही वेळा. सॅनिटायझरनं २० ते ३० सेकंद चोळा. हाताला रक्त, ओकारी, माती असं काही दिसत असेल तर सॅनिटायझर चालत नाही, साबण-पाण्यानं ४० ते ६० सेकंद धुवा. एकच ग्लोव्हज घालून दहा पेशंट तपासणारे पुष्कळ भेटतात. त्यात स्वतःचा हात तेवढा स्वच्छ राहतो, बाकीच्यांना एकमेकांचे जंतू मिळतात.

## टप्पा ४: उभ्यानं उरकायची कामं

पेशंटला बसवण्याआधी ही कामं आटपा. नंतर आठवलं तर त्याला पुन्हा उठवावं लागतं आणि विश्रांतीची सगळी मिनिटं वाया जातात.

आधी लघवीला पाठवा. मूत्राशय भरलेलं असताना बीपी दहा-पंधरा पॉइंटनी वर जाऊ शकतं. लघवीचा नमुना हवा असेल तर त्याच वेळी बाटली द्या. परतताना हात साबणानं धुवून कोरडे करायला सांगा. शुगर टप्पा ७ मध्ये बघायची आहे, पण तिची तयारी इथंच होते.

वजन घेताना चप्पल बाहेर, खिशातला मोबाईल आणि किल्ल्या बाजूला, शाल-स्वेटर काढलेले. काटा सपाट फरशीवर ठेवा आणि शून्य बघून घ्या. लहान मुलांच्या वजनात हयगय नको, कारण त्यांच्या औषधाचा डोस वजनावर ठरतो. आईनं अंदाजानं सांगितलेला आकडा लिहू नका. मूल काट्यावर उभं राहत नसेल तर आधी आईचं मूल घेऊन वजन, मग एकटीचं, आणि वजाबाकी करून तिसरा आकडा. तिन्ही लिहा.

इशारा: चक्कर येतेय म्हणून आलेल्या किंवा काठी घेऊन चालणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला काट्यावर एकटं सोडू नका. व्हीलचेअरमधून उठवताना आधी दोन्ही ब्रेक लावायचे आणि पाय ठेवायच्या पट्ट्या वर करायच्या. पेशंट पडायला लागला तर त्याला जोर लावून उभं धरायला जाऊ नका. जवळ घेऊन, डोकं सांभाळत सावकाश खाली बसवा.

## टप्पा ५: बसवल्यानंतरची पाच मिनिटं

बीपीआधी पाच मिनिटं शांत बसणं सगळेच चुकवतात. गर्दीत वेळ नाही, हे कारण खरंच आहे. पण ही पाच मिनिटं मोकळी नसतात, बाकीची मोजमापं यातच बसतात.

पाठ टेकलेली, दोन्ही पाय जमिनीवर सपाट, पायावर पाय नाही. स्टुलावर बसवून घेतलेलं बीपी धरू नका, पाठीला टेकू मिळत नाही. पाय जमिनीला पोचत नसतील तर खाली पाट ठेवा.

बोलायचं ते पहिल्या दोन मिनिटांत. काय होतंय, किती दिवस, कुठल्या गोळ्या चालू आहेत, आजची गोळी घेतली का. त्यानंतर एक प्रश्न नक्की विचारा आणि नीट शब्दांत विचारा. "तंबाखू खाता का" म्हटलं की बायका नाही म्हणतात, आणि त्यांच्या मते ते खरंच असतं. "मावशी, आज मशेरी लावली का? किती वाजता?" असं विचारा. मशेरीही तंबाखूच आहे आणि तिनं बीपी आणि नाडी दोन्ही वाढतात. चहा, कॉफी, तंबाखू, विडी, मशेरी यांतलं काहीही गेल्या अर्ध्या तासात झालं असेल तर थांबवून ठेवा. ते जमतच नसेल तर कागदावर तसं लिहा.

ताप. बोलणं चालू असतानाच थर्मामीटर काखेत जातो. काख आधी कोरडी पुसून घ्या. घामानं आकडा खाली येतो. टोक काखेच्या मधोमध, कपडा मध्ये नको, दंड अंगाशी दाबलेला, बीप वाजेपर्यंत. काखेतला ताप तोंडातल्यापेक्षा साधारण अर्धा ते एक अंश फॅरनहाइट कमी दिसतो. म्हणून स्वतःच्या मनानं अंश मिळवत बसू नका, आकड्यापुढं "काख" किंवा "तोंड" लिहा. तोंडात लावायचा तर चहा किंवा गार पाणी पिऊन किमान १५ मिनिटं झालेली हवीत. कपाळासमोर धरायची बंदूक उन्हातून आलेल्या, घामेजलेल्या माणसावर चालवू नका. त्याला आधी सावलीत बसू द्या.

ऑक्सिजन. ज्या हातावर बीपी घेणार नाही त्या हाताच्या बोटाला ऑक्सिमीटर लावा. कफ फुगला की त्या हाताचं रक्त अडतं आणि आकडा धाडकन पडतो. मग ८२ बघून सगळ्यांची पळापळ होते. नखपॉलिश पुसा. लग्नसराईत गडद मेंदी असेल तर रंग न लागलेलं बोट शोधा, पायाचंही चालतं. गार पडलेले हात चोळून गरम करा. बोट घातल्याबरोबर दिसलेला पहिला आकडा लिहू नका, अर्धा मिनिट स्थिर राहिलेला लिहा. ऑक्सिमीटरवरची नाडी आणि तुम्ही हातानं मोजलेली नाडी जुळली तरच त्याच्या ऑक्सिजनवर भरवसा ठेवा. बंद खोलीत शेगडी किंवा जनरेटरच्या धुरात सापडलेल्या माणसाचा ऑक्सिजन हे मशीन खोटाच चांगला दाखवतं. तिथं आकडा सोडा आणि डॉक्टरांना धुराचं सांगा.

नाडी. अंगठ्याच्या बाजूनं मनगटावर पहिली दोन बोटं टेकवा. अंगठा वापरू नका, त्यात स्वतःचीच नाडी लागते. ठोके एकसारखे असतील तर ३० सेकंद मोजून दुप्पट करा. चुकत असतील तर पूर्ण ६० सेकंद मोजा आणि पुढं "अनियमित" लिहा. तो शब्द आकड्याहून महत्त्वाचा ठरू शकतो. मोठ्या माणसाची नाडी बसल्या जागी ६० ते १०० असते.

श्वास. सगळ्यात जास्त खोटा लिहिला जाणारा आकडा हाच. दहा केसपेपर चाळा: सगळ्यांचा श्वास १८, सगळ्यांचा ताप ९८.४. न मोजता लिहिलेला आकडा लगेच ओळखू येतो. नाडी मोजून झाली तरी मनगट सोडू नका, नजर छातीकडं वळवा आणि पूर्ण एक मिनिट मोजा. "आता श्वास मोजते" असं सांगितलं की पेशंट वेगळाच श्वास घ्यायला लागतो. मोठ्या माणसाचा १२ ते २०. मुलांचा मोजताना मूल शांत हवं, रडतं किंवा दूध पितं नको. अंगातलं झबलं वर करून पोट-छाती बघा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त भरला तर तो जलद श्वास आहे, लगेच सांगा. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल तर मोजत बसू नका, आत न्या.

## टप्पा ६: बीपी

आता सगळ्यांनी गप्प राहायचं: पेशंटनं, नातेवाइकांनी आणि तुम्हीही.

दंड उघडा हवा. घट्ट बाही वर सरकवली की ती दोरीसारखी आवळते. नऊवारीवरच्या जुन्या पद्धतीच्या चोळीची बाही तर हमखास काचते. पडदा ओढा, बाईच्या मदतीला बाई असू द्या, हात बाहीतून बाहेर काढायला सांगा. आजी तयारच नसतील तर पातळ कापडाच्या एका थरावरून घ्या आणि तशी नोंद करा. पण बाही वर कोंबून घेऊ नका.

कोणता हात? छातीच्या गाठीचं ऑपरेशन होऊन काखेतल्या गाठी काढल्या असतील तर ती बाजू नको. डायलिसिससाठी हातावर फिस्टुला (ऑपरेशन करून रक्तवाहिन्यांचा केलेला जोड) केला असेल तर त्या हाताला कफ कधीच नाही. सलाईन चालू असलेला हातही नको. पहिल्यांदा आलेल्या पेशंटचं दोन्ही हातांवर घ्या. ज्या हातावर जास्त येईल तो कागदावर लिहून ठेवा आणि पुढच्या प्रत्येक वेळी त्याच हातावर मोजा.

दंडाचा मधला भाग हृदयाच्या पातळीत, म्हणजे छातीच्या हाडाच्या मध्यावर. हात टेबलावर टेकलेला, तळवा वर, मूठ सैल. पेशंटनं स्वतः हात उचलून धरला तर स्नायू ताणून बीपी वाढतं. हात खाली लोंबत असेल तरी वाढतं.

कफ लावण्याचा क्रम असा:

१. कोपराच्या आतल्या बाजूची धमनी बोटानं शोधा. कफाच्या पिशवीचा मध्य तिच्यावर यावा.

२. कफाची खालची कड कोपराच्या घडीपासून दोन-तीन सेंटिमीटर वर. कफाखाली दोन बोटं जेमतेम शिरावीत.

३. मनगटाची नाडी बोटाखाली धरून हवा भरा. नाडी लागेनाशी झाली तो आकडा लक्षात ठेवा. हवा पूर्ण सोडा, अर्धा मिनिट थांबा.

४. स्टेथोचं तोंड धमनीवर ठेवा, कफाखाली कोंबू नका. लक्षात ठेवलेल्या आकड्यापेक्षा २० ते ३० पॉइंट जास्त हवा भरा.

५. सेकंदाला दोन-तीन पॉइंट या वेगानं सोडा. पहिला ठोका ऐकू आला तो वरचा आकडा. ठोके पूर्ण बंद झाले तो खालचा.

तिसरी पायरी बहुतेक जण गाळतात आणि थेट १६० पर्यंत भरतात. काही पेशंटांत ठोके वरच्या पट्ट्यात सुरू होऊन मध्येच काही अंतर गायब होतात आणि खाली पुन्हा सुरू होतात. खरं बीपी १९० असताना तुम्ही १६० पासून ऐकायला लागलात तर १५० लिहून मोकळे व्हाल. नाडी चाचपून भरली तर ही चूक होत नाही.

हवा भसकन सोडली तर वरचा आकडा कमी आणि खालचा जास्त पकडला जातो. मध्येच "ऐकू आलं नाही" म्हणून अर्ध्यावर पुन्हा फुगवू नका. पूर्ण सोडा, एक मिनिट थांबा, पुन्हा घ्या.

घड्याळी मशीनवर दोन-दोनच्या रेघा असतात, त्यामुळं आकडा सम येतो: १४६, १३८, ८४. तुमच्या कागदावर सगळेच आकडे शून्यानं संपत असतील तर तुम्ही मोजत नाही, अंदाज करताय. एका मिनिटाच्या अंतरानं दुसऱ्यांदा घ्या. दोन्हींत दहापेक्षा जास्त फरक पडला तर तिसऱ्यांदा. सगळे लिहा, सरासरी डॉक्टर बघतील.

डिजिटल मशीन वापरत असाल तरी बसवणं, दंड, कफ आणि शांतता यातून सुटका नाही. नाडी अनियमित असेल तर डिजिटलवर विसंबू नका, स्टेथोनं घ्या.

उठताना अंधारी येते असं सांगणाऱ्या पेशंटचं उभं करूनही घ्या, उभं राहिल्यावर एका मिनिटानं आणि तीन मिनिटांनी, शेजारी खुर्ची ठेवून. वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं पडला तर सांगा.

लगेच सांगायचं: १८०/१२० च्या वर, विशेषतः छातीत दुखणं, दम, धूसर दिसणं किंवा हातपाय लुळे पडणं असेल तर. वरचा आकडा ९० च्या खाली. गरोदर बाईचं १४०/९० किंवा जास्त. तेवढ्यानं पेशंटला घाबरवू नका. "किती हाय वो?" विचारलं तर "थोडं बघायला हवंय, डॉक्टर सांगतील" एवढं पुरे.

## टप्पा ७: शुगर

बीपीच्या नंतर, आधी नाही. सुई टोचली की बीपी वर जातं.

हाताला द्राक्षं, बेदाणा, गूळ, उसाचा रस लागलेला माणूस तसाच आला आणि बोट टोचलं, तर रक्ताबरोबर बोटावरची साखरही पट्टीवर जाते. आकडा शंभरानं खोटा वाढू शकतो. स्पिरिटच्या कापसानं एकदा पुसल्यानं ती साखर जात नाही, पाण्यानंच धुवावी लागते. आकडा लक्षणांशी जुळत नसेल तर पहिला प्रश्न हात धुतले होते का हा, दुसरा पट्टीची मुदत.

बोट कोरडं हवं. स्पिरिट लावलंच तर पूर्ण वाळू द्या. करंगळीशेजारचं किंवा मधलं बोट घ्या. टोकाला न टोचता कडेला टोचा, तिथं कमी दुखतं. हात खाली सोडून तळव्यापासून बोटाकडं हलकेच चोळा. बोट पिळून काढलेल्या थेंबात पेशींमधलं पाणी मिसळतं. थेंब पट्टीच्या कडेला टेकवा, पट्टी आपणच ओढून घेते. कमी पडला म्हणून दुसरा थेंब वरून घालू नका, नवी पट्टी घ्या.

प्रत्येक पेशंटला नवी सुई, आणि शक्यतो पेनऐवजी एकदाच वापरायची सुई. एकाच टोचायच्या पेनात सुई बदलून सगळ्यांना वापरणंही चुकीचं आहे, पेनाच्या तोंडाला रक्त लागतं. मशीन दोन पेशंटांमध्ये पुसा.

उपाशी म्हणजे किमान आठ तास, पाणी सोडून काही नाही. पहाटे गाडी पकडताना घेतलेला अर्धा कप चहा लोक जेवणात धरत नाहीत, म्हणून तो वेगळा विचारा. जेवणानंतरची शुगर पहिल्या घासापासून दोन तासांनी. कागदावर "शुगर १८६" एवढंच लिहिलं तर त्याचा अर्थ कुणालाच लावता येत नाही.

७० च्या खाली आली, पेशंट घामाघूम, थरथरतोय पण शुद्धीत आहे आणि गिळू शकतोय: डॉक्टरांना हाक मारा आणि त्यांच्या सूचनेनं तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजा, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका. नातेवाईक पेढा भरवायला धावतात, त्यांना अडवा.

## टप्पा ८: लिहिणं आणि सांगणं

जे दिसलं ते, दिसलं त्याच वेळी. चार पेशंटांचे आकडे डोक्यात ठेवून एकदम लिहिले की अदलाबदल होते. प्रत्येक नोंदीपुढं वेळ आणि तुमची सही. बीपीपुढं कोणता हात आणि बसून की झोपून. चुकलं तर एक आडवी रेघ मारून शेजारी बरोबर लिहा. व्हाइटनर नको, गिरगटणं नको. मोजता आलं नाही तर "घेता आलं नाही, मूल रडत होतं" असं लिहा. रिकामी जागा भरण्यासाठी मनाचा आकडा नको.

आकडे बाकावर ओरडून सांगू नका. बाकावर बसलेल्यांत व्याही असतात, भाऊबंद असतात, आणि कुणाची शुगर चारशे आहे हे एसटी गावात पोचायच्या आत गावभर होतं.

डॉक्टरांना सांगताना "सर, एक पेशंट जरा सिरियस वाटतोय" हे पुरत नाही. असं सांगा: "सर, बाकावरचे आबा, वय ६२, सकाळी सातपासून छाती भरून आलीय, घाम आहे. बीपी ९२/६०, नाडी ११८, ऑक्सिजन ९३. ईसीजी लावू का? तुम्ही आत्ता या." डॉक्टर फोनवर असले तरी दारात उभं राहून सांगा. सांगितल्याची वेळ लिहून ठेवा.

## टप्पा ९: आवराआवर, आणि सुई टोचलीच तर

वापरलेली सुई टोपण न लावता थेट पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात. टोपण लावतानाच सगळ्यात जास्त टोचतं. डबा तीन चतुर्थांश भरला की बंद. रक्ताचा कापूस आणि बँडेज पिवळ्या पिशवीत, ग्लोव्हज आणि प्लॅस्टिकच्या नळ्या लाल, काच निळ्या खुणेच्या न टोचणाऱ्या डब्यात. कफ आणि स्टेथो दिवसातून निदान एकदा पुसा, रक्त किंवा जखमेचा स्राव लागला तर तेव्हाच.

सुई टोचली तर जागा वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवा. बोट पिळू नका, तोंडात घालू नका, डेटॉल किंवा ब्लीच लावू नका. लगेच डॉक्टरांना सांगा आणि कुणाला वापरलेली सुई होती ते नोंदवा. एचआयव्ही टाळण्याची गोळी लागणार असेल तर ती शक्यतो दोन तासांच्या आत सुरू व्हायला हवी, ७२ तासांनंतर तिचा उपयोग धरत नाहीत. गोळी हवी की नको हे डॉक्टर ठरवतील, तुम्ही रागावणीच्या भीतीनं गप्प बसून वेळ घालवू नका. सरकारी रुग्णालयात त्याची सोय असते. दवाखान्याच्या भिंतीवर हा क्रम आणि फोन करायचा नंबर लावून ठेवा.

कावीळ-ब ची लस ० महिना, १ महिना आणि ६ महिने अशी तीन डोसांची असते. तुमचे तिन्ही झालेत का हे आज घरी जायच्या आत बघा. झाले नसतील तर उद्याचा पहिला केसपेपर स्वतःचा काढा.